एफवाय अमळनेरला, एसवाय मुंबईला

परवा रात्री साडेदहाला चोपड्याहून आत्याच्या मुलाचा फोन आला. बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे तो, दुसऱ्या सेमची परीक्षा नुकतीच झालीय, आणि आवाज इतका हळू की नक्की गच्चीवर जाऊन बोलत असणार. "ताई, तू एफवायनंतर कॉलेज बदललं ना, ते कसं केलं? मला पण फायनान्समध्ये जायचंय, इथे राहून काही होईल असं वाटत नाही." मी म्हटलं उद्या सांगते, पण झोप काही लागली नाही, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन मी पण अशीच गच्चीवर येरझाऱ्या घालत होते आणि विचारायला कोणी नव्हतं. त्याला सांगायचं ते सगळं इथेच लिहून काढते. त्याच्यासारखे शिरपूरला, शहाद्याला, पाचोऱ्याला, साक्रीला पुष्कळ असतील.

आधी ती गोष्ट, जी तेव्हा मला घरी पण नीट बोलता आली नव्हती. मी कॉलेज बदललं ते नावासाठी. इथे शिकवणं वाईट होतं असं अजिबात नाही, माझा अकाउंट्सचा पाया अमळनेरचाच आहे, आमचे सर फळ्यावर जर्नलपासून बॅलन्सशीटपर्यंत पूर्ण गणित हाताने सोडवून घ्यायचे आणि टॅली नाही झालं तर तास संपला तरी कोणाला उठू द्यायचे नाहीत. तेवढी हाताची सवय मला पुढे मुंबईत फार कमी पोरांमध्ये दिसली. तरी मी गेले. आणि मी चुकले असं मला आज पण वाटत नाही.

अमळनेरच्या माणसाला शेअर हा शब्द नवीन नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. विप्रो इथलीच. १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, कारखाना आमच्या गावात, त्यामुळे गावातल्या कितीतरी घरांमध्ये तिचे शेअर होते, काही घरांमध्ये अजून आहेत. आमच्या आबांकडे १०० होते. २००३ च्या हिवाळ्यात त्यांनी ते विकले, आत्याच्या लग्नासाठी, हीच चोपड्याची आत्या. लॉकडाऊनमध्ये बारावीनंतर घरी बसले होते तेव्हा पप्पांच्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर मी एक्सेल शिकत होते, आणि सरावाला काहीतरी पाहिजे म्हणून ते १०० शेअर पुढे नेले. २००४ ला एकाला दोन बोनस, म्हणजे कंपनीने एका शेअरमागे दोन फुकट दिले, झाले ३००. २००५ ला एकाला एक, ६००. २०१० ला तीनाला दोन, १०००. २०१७ ला परत एकाला एक, २०००. २०१९ ला तीनाला एक, २६६६. एकही रुपया नव्याने न घालता. ती शीट अजून माझ्याकडे आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने पुन्हा एकाला एक दिला तेव्हा मी तिच्यात शेवटची ओळ टाकली, ५३३२.

आबांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळी पाहिली आणि म्हणाले, बरं झालं, तुझ्या आत्याचं लग्न थाटात झालं. त्यांना खरंच वाईट वाटलं नाही. पण माझ्या डोक्यात प्रश्न बसला तो बसलाच, की शेअरची आजची किंमत बरोबर आहे की चूक हे ठरवतं कोण आणि कसं. तिथून मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लागले. आधी काही कळायचं नाही. मग नोट्स टू अकाउंट्स, म्हणजे हिशोबाच्या मागे बारीक अक्षरात दिलेल्या टिपा, वाचायला लागले आणि हळूहळू कळायला लागलं की खरी बातमी तिथेच असते, पुढच्या रंगीत पानांवर नसते.

तर एफवायला असताना मी इंटर्नशिपसाठी मेल पाठवले. चाळीस. ब्रोकिंग कंपन्या, छोट्या वेल्थ फर्म्स, रिसर्चवाले, ज्यांचा मेल आयडी मिळाला त्या सगळ्यांना, आणि सोबत एका लिस्टेड पाईप कंपनीवर सहा पानांची नोट जोडली होती, चार वर्षांचे आकडे काढून. उत्तर एक आलं, ते पण ऑटोमॅटिक. नंतर एसवायला मुंबईत गेल्यावर ऑगस्टमध्ये मी तीच नोट, तोच रेझ्युमे, शिक्षणाची फक्त एक ओळ बदलून, पुन्हा पाठवला. अकरा जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या तिघांनी पहिल्याच वाक्यात लिहिलं की मी पण याच कॉलेजचा. नोटमध्ये एक कॉमा पण बदलला नव्हता. त्या दिवशी आनंद झाला आणि डोळ्यात पाणी पण आलं, कारण मग त्या आधीच्या चाळीस मेलचं काय, आणि अमळनेरच्या माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं काय, जी माझ्यापेक्षा गणितात पक्की होती.

हे असं का होतं ते मला आत्ता दोन वर्षं नोकरी शोधताना आणि करताना कळलं. फायनान्समधल्या कंपन्या फ्रेशर घेतात ते ठराविक दहाबारा कॉलेजांमधून, कारण मागच्या वर्षी तिथून घेतलेली मुलं टिकली, आणि तीच मुलं पुढे मुलाखत घ्यायला बसतात, मग ती आपल्याच कॉलेजला जातात, असं ते चक्र आहे. दिल्लीचा व्यापारी केळी घ्यायला सावदा-रावेरला येतो कारण त्याला माहितीय तिथे गाडीच्या गाडी माल मिळतो, एका घडासाठी दुसरीकडे कोणी ट्रक घेऊन जात नाही. आमच्याकडे कॉमर्सचे चांगले घड होते पण ट्रक येत नव्हता. मुंबईतलं सिडनहॅम १९१३ पासून आहे, दिल्लीचं श्रीराम कॉलेज १९२६ पासून, पुण्याचं बीएमसीसी १९४३ पासून. इतक्या वर्षांची माजी मुलं आज बँकांमध्ये, फंडांमध्ये, रेटिंग कंपन्यांमध्ये बसली आहेत. आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं, त्यात कमीपणा काही नाही, पण नरिमन पॉइंटच्या टेबलापलीकडे आपला माणूस बसलेला असण्याची शक्यताच कमी.

घरी सांगितलं तेव्हा मे महिना होता. पप्पा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून गाठी बांधतात त्या कारखान्यात, अकाउंट बघतात, ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, एकूण किती? मम्मीला हॉस्टेलची काळजी. जिजी म्हणाली, "पोरगी एकली कशी ऱ्हाई?" आणि आबा बराच वेळ गप्प बसून मग म्हणाले, "तो मानूस तठून आठे उना, अन् तू आठून तठे चालनी." म्हणजे तो माणूस तिथून इथे आला आणि तू इथून तिथे चाललीस. तो माणूस म्हणजे विप्रोचे अझीम प्रेमजी. १९६६ ला वडील गेले म्हणून एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून ते परत आले आणि अमळनेरचा कारखाना हातात घेतला, ही गोष्ट आमच्या गावात प्रत्येक आजोबा नातवंडांना सांगतो. आबांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं की इथे काय कमी आहे. मी त्यांना म्हटलं, आबा, त्यांच्यासाठी इथे कारखाना होता, माझ्यासाठी तिथे फक्त एक खुर्ची आहे आणि ती पण परीक्षा देऊन मिळवायचीय. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही, पण निघायच्या दिवशी स्टेशनवर आले होते.

नातेवाइकांचं वेगळंच. फायनान्स म्हणजे बँकेतच ना, मग इथूनच आयबीपीएस दे, त्याला कोण कॉलेज विचारतं. त्यांचं खरं आहे, बँकेच्या स्पर्धा परीक्षेला कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही. सीएला पण विचारत नाही. हे मी भावाला सगळ्यात आधी विचारणार आहे की तुला नक्की करायचंय काय. सीए करायचं असेल तर चोपड्यात राहूनच कर, बीकॉमला ५५ टक्के मिळाले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता सरळ इंटर या दुसऱ्या परीक्षेला बसता येतं, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं, आता दोन वर्षांची झालीय, आणि पास झालास की सीएच्या इन्स्टिट्यूटचं स्वतःचं कॅम्पस प्लेसमेंट असतं, तिथे तुझा मेंबरशिप नंबर बोलतो. त्यासाठी कॉलेज बदलून बापाचा पैसा घालवू नकोस. नाव लागतं ते इक्विटी रिसर्च (शेअरचा अभ्यास), इन्व्हेस्टमेंट बँकिंग (कंपन्यांना भांडवल उभं करून देणं), मोठ्या लेंडर कंपन्यांची क्रेडिट टीम (कर्ज द्यायचं की नाही ते तपासणारी), असल्या ठिकाणी, जिथे पदवीनंतर लगेच घेतात आणि हजार अर्जांमधून पन्नास निवडायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

पैशाचा हिशोब सांगते कारण तो कोणी सांगत नाही. दोन वेळच्या जेवणासकट पीजी ११ हजार महिना, तीन मुली एका खोलीत, असे वीस महिने म्हणजे २ लाख २० हजार. फी दोन वर्षांची मिळून ९० हजारांच्या आसपास. लॅपटॉप ५० हजार. इथेच ३ लाख ६० हजार झाले, पास, कपडे, आजारपण, घरी येणंजाणं वेगळं. एज्युकेशन लोन घेतलं, ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पप्पा को-बॉरोअर. कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ता नव्हता, आत्ता सुरू झालाय, सात हजारांच्या आसपास, आणि तो माझ्या पगारातून जातो. २०२४ ला पीएम विद्यालक्ष्मी ही सरकारी शैक्षणिक कर्जाची योजना आली, त्यात तारण पण नाही आणि जामीन पण नाही, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, पण ती ठराविक दर्जाच्या संस्थांनाच लागू आहे. म्हणजे कर्जाला पण नाव बघतात. त्यामुळे कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघायचं, मग अर्ज.

आता कागदांचं. याला लोक ट्रान्सफर म्हणतात पण बदली अशी नसते की इथून उचललं तिथे ठेवलं. तुम्ही एक प्रवेश सोडता आणि दुसरीकडे नव्याने मागता. दुसऱ्या कॉलेजात एसवायला सीट रिकामी पाहिजे, ती कधी होते तर कोणी नापास झालं, कोणी सोडून गेलं तर, म्हणजे निकाल लागल्यावर जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा खेळ आहे. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर एलिजिबिलिटी, मायग्रेशन, टीसी, दोन्ही सेमच्या ओरिजिनल मार्कशीट, आणि सिलॅबसची प्रत, कॉलेजचा शिक्का मारलेली, प्रत्येक विषयाची, कारण ते त्यांच्या सिलॅबसशी जुळवून बघतात. एकही विषय राहिलेला चालत नाही, एटीकेटी असेल तर विसरा. मी गिरणेकाठच्या आपल्या विद्यापीठात तीन चकरा मारल्या, धरणगावमार्गे एसटीने, आणि तिन्ही वेळा तिथल्या लोकांनी नीट सांगितलं, माझ्याच फाईलमध्ये एकेक कागद कमी असायचा. म्हणून भावाला सांगते, एक प्लास्टिकची फाईल कर आणि प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स. आणि समोरच्या कॉलेजने प्रवेश पक्का केल्याचं लेखी दिल्याशिवाय इथली टीसी काढू नकोस. एकदा काढली की परतीचा रस्ता फार अवघड.

एक चूक आम्ही केली ती पण सांगते. पप्पांना कोणीतरी एका कन्सल्टंटचा नंबर दिला, तो म्हणाला साहेब माझी ओळख आहे, एसवायला डायरेक्ट करून देतो, आत्ता पाच हजार टाका. पप्पांनी टाकले. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाची पै न पै जुळवणारा माणूस, त्याने पावती न घेता पैसे टाकले, फक्त माझ्यासाठी. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं. मी शेवटी स्वतः गेले, रात्रभराचा प्रवास करून सकाळी कॉलेजच्या ऑफिसात उभी राहिले, आणि खिडकीवरच्या बाईंनी यादी बघून सांगितलं की चार जागा आहेत, मार्कांवर लागेल, अर्ज इथेच मिळतो, शंभर रुपये. बस. अर्ज शंभर रुपयांचा होता.

यादी लागली, मी तिसरी.

पहिले चार महिने फार वाईट गेले. सिलॅबस जुळला नव्हता म्हणून दोन विषय जादाचे, एफवायचे पेपर एसवायच्या पेपरांबरोबर द्यायचे. सगळ्यांचे ग्रुप पहिल्याच वर्षी झालेले. आणि मला माहीतच नव्हतं की तिथे अर्धं कॉलेज हे वर्गाबाहेर असतं, फायनान्स सेल, इन्व्हेस्टमेंट क्लब, फेस्टच्या कमिट्या, आणि त्यांच्या निवडी एफवायला होऊन गेलेल्या असतात, एसवायला ते लोक वर चढतात आणि नवीन आलेल्याला खालची जागा पण नसते. रेझ्युमेवर सगळ्यांच्या काहीतरी पद असायचं. माझ्या नव्हतं. इंग्रजी मला लिहिता यायचं, बोलताना मात्र आधी मनात मराठी वाक्य जुळायचं आणि तोवर कोणीतरी दुसरं बोलून जायचं. रात्री डबा उघडून बिबड्या खायच्या, मम्मीला फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणायचं, आणि मग लायब्ररीचे नोट्स काढायला बसायचं, असे दिवस. दिवाळीला घरी गेले तेव्हा परत यायची इच्छाच नव्हती. पप्पांनी काही न विचारता तिकीट काढून आणलं होतं, जायचं.

मला जागा मिळाली ती वेगळ्याच बाजूने. जानेवारीत अकाउंट्सच्या एका मॅडमनी फायनल अकाउंट्सचं मोठं गणित फळ्यावर घातलं आणि विचारलं कोण येतं, कोणी उठेना, मी गेले, आणि सगळं हाताने सोडवून टॅली करून खाली दोन रेघा ओढल्या. अमळनेरची सवय. त्यानंतर परीक्षेआधी माझ्या खोलीत सहा-सात मुली बसायला लागल्या, मी त्यांना ॲडजस्टमेंट एन्ट्री शिकवायची, त्या मला प्रेझेंटेशन कसं बोलायचं ते. त्यातल्या एकीने मला इन्व्हेस्टमेंट क्लबमध्ये नेलं. पद नाही मिळालं, पण रिसर्च नोट लिहायला मिळाल्या, आणि टीवायला त्याच कामी आल्या.

आणि आता तो मुलाखतीचा दिवस. कंपनीचं नाव लिहीत नाही, छोट्या-मध्यम उद्योगांना कर्ज देणारी आहे. समोर दोघं. त्यांनी आधी विचारलं करंट रेशो, म्हणजे वर्षभरात हातात येणारा पैसा वर्षभरात द्यायच्या पैशाच्या किती पट, तो किती असावा, माझ्या आधीच्या सगळ्यांनी दोनास एक सांगितलं असणार, पुस्तकात तेच असतं. मी म्हटलं सर, धंदा कोणता त्यावर आहे. ते म्हणाले सांगा एखादा. मी म्हटलं जिनिंग.

मग मी बोलत गेले. दसऱ्या-दिवाळीला कापूस यायला लागतो, शेतकऱ्याला पैसे रोख किंवा आठवड्यात द्यावे लागतात, एका क्विंटलमधून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट, १७० किलोची एक गाठ, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस. गाठी विकायच्या खंडीच्या भावाने, ३५६ किलोची खंडी, आणि गिरणीवाला पैसे देणार महिना-दीड महिन्याने. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सीसी लिमिट, म्हणजे धंदा फिरवायला बँकेकडून उचलायच्या पैशाची मर्यादा, पूर्ण भरलेली असते आणि जून-जुलैत गोडाऊन रिकामं. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर निघते, म्हणजे त्या मालावर बँकेतून किती उचलता येईल ते. दहावीपासून पप्पांच्या शेजारी बसून मी वजनाच्या काटापट्ट्यांवरून ते स्टेटमेंट भरलंय. ३१ मार्चची बॅलन्सशीट एका दिवसाचा फोटो आहे, त्या एका रेशोवरून या धंद्याचं काहीच कळत नाही.

त्यातल्या मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पार्टी स्टॉक खोटा दाखवत असेल तर तुला कसं कळेल? मी म्हटलं लाईट बिल मागीन. प्रेसिंग करायला वीज लागते, जितक्या गाठी बांधल्या म्हणतात तितके युनिट जळले पाहिजेत, आणि गाठींवरचे नंबर ओळीने असतात, गोडाऊनमध्ये जाऊन मधलेच चार नंबर मागीन. हे पप्पांचं वाक्य होतं, गाठी किती बांधल्या ते मीटरला विचार. मी त्यांना तसं सांगितलं पण, की माझे वडील जिनिंगमध्ये अकाउंटंट आहेत आणि हे त्यांनी शिकवलंय. सर म्हणाले, त्यांना सांगा उत्तर बरोबर आहे.

रात्री पप्पांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, खंडीचं वजन बरोबर सांगितलं ना?

हे सगळं उत्तर मला अमळनेरला बसून पण येत होतं. बारावीलाच येत होतं. पण अमळनेरला बसून मला हा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण ते दोघं सर तिथे येतच नाहीत. मी दोन वर्षं आणि साडेतीन लाखांहून जास्त पैसे घालवले ते त्या खोलीत जायला. हे बरोबर आहे का? नाही. माझी ती मैत्रीण, गणितात पक्की असलेली, तिच्या घरी परवानगी मिळाली नाही, ती आज पतपेढीत कॅशियर आहे आणि तिच्या हातून एक रुपयाचा फरक पडत नाही. तिला त्या खोलीत बसवलं असतं तर तिने माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं असतं. मला याचा राग येतो, अजून येतो. आता आमच्या टीमकडे इंटर्नशिपचे मेल येतात तेव्हा मी कॉलेजची ओळ सगळ्यात शेवटी वाचते, आणि मागच्या महिन्यात नंदुरबारच्या एका मुलाची नोट मी स्वतः प्रिंट काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्याला बोलावलं. माझ्या हातात आत्ता एवढंच आहे.

भावासाठी अजून काही गोष्टी, जशा आठवतील तशा.

करायचं असेल तर एफवायनंतरच. टीवायला जाऊन उपयोग नाही, प्लेसमेंट ऑगस्ट-सप्टेंबरलाच सुरू होतं, माझ्या कॉलेजात तर प्लेसमेंट सेलला तिथल्याच किमान दोन सेमचे मार्क लागायचे. तुमच्या बॅचला नवीन शैक्षणिक धोरण लागू आहे, त्यामुळे अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख नंबर, आणि ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं, आहे, वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, सात वर्षांपर्यंत धरले जातात, आणि ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथून निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात. हे माझ्या वेळेला कागदावरच होतं, तुला त्याचा फायदा होईल, पण क्रेडिट खात्यात आहेत म्हणून सीट मिळते असं समजू नकोस, सीट रिकामी असली तरच मिळते. तुझे क्रेडिट खात्यात जमा दिसतायत का ते आजच लॉगिन करून बघ.

नाही मिळाली सीट तर जग संपत नाही. तिथेच बीकॉम पूर्ण कर आणि नाव वरच्या डिग्रीला जोड, मुंबईला जमनालाल बजाज आहे, पुण्याला गोखले इन्स्टिट्यूट आहे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, या सगळ्या ठिकाणी प्रवेश परीक्षा आहे आणि परीक्षेला तू चोपड्याचा की चर्चगेटचा हे माहीत नसतं. दोन वर्षांचा खर्च पण वाचतो. सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली लेव्हल पदवी संपायच्या २३ महिने आधीपासून देता येते, १८० प्रश्न, फी भरपूर आहे आणि पासपोर्ट लागतो, तर पासपोर्ट आत्ताच काढून ठेव, अगदी परीक्षा नाही दिली तरी. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, ती आधी दे, म्हणजे तुझं तुलाच कळेल की हे काम तुला आवडतंय का.

आणि नोट लिहायला लाग. तुमच्याकडे सूतगिरणी आहे, साखर कारखाना आहे, केळीचे चेंबर आहेत, डाळ मिल आहेत. एखाद्याकडे जाऊन बस आणि विचार की पैसा कधी अडकतो आणि कधी सुटतो. पहिल्या दिवशी कोणी सांगणार नाही. चौथ्या दिवशी सांगतील.

आज दुपारी हे त्याला वाचून दाखवलं फोनवर, जेवणाच्या सुट्टीत. तो म्हणाला ताई, अकाउंट्सला ८१ पडतील असं वाटतंय, इकोला भीती आहे. मी म्हटलं निकाल लागला की मार्कशीटचा फोटो पाठव, मी दोन-तीन कॉलेजांच्या ऑफिसात जाऊन जागा विचारून येते. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही त्याने. ते आज रात्री सांग म्हटलंय, आणि गच्चीवर नको, स्वयंपाकघरात बसून सांग.